गोष्ट पुढे सरकत नाही तेव्हा काय बघायचं?

प्रश्न सांगलीच्या एका गृहस्थांचा आहे. ‘कोर्ट’ या मराठी सिनेमाची एवढी स्तुती ऐकली म्हणून त्यांनी तो बायकोबरोबर घरी लावला. त्या अर्ध्यावर झोपल्या. हे नेटानं शेवटपर्यंत बसले. पण खटल्याचा निकाल लागलाच नाही. न्यायाधीशांनी सुट्टीच्या सहलीत एका पोराला चापट मारली आणि सिनेमा संपला. हे पाहून ते चक्रावले. माहितीपटांचंही तसंच होतं म्हणतात. विषय आवडीचा असला तरी अर्ध्या तासात हात फोनकडे जातो. त्यांचं विचारणं असं: हे बघायला काही शिक्षण लागतं का, की लोक उगाच भारी भारी म्हणतात? आणि पुढे काय बघावं, पुण्याला जाऊन चित्रपट रसास्वादाचा अभ्यासक्रम करावा का, हेही.

मी माहितीपटांचं संकलन करतो. दुसऱ्यांनी चित्रित केलेल्या माणसांबरोबर महिनोन्‌महिने बंद खोलीत बसणं हाच माझा धंदा, त्यामुळे उत्तर त्या खुर्चीतून देतो. शिक्षण लागत नाही. लोक उगाच भारी म्हणतात हे मात्र अधूनमधून खरं असतं, त्याबद्दल पुढे बोलू.

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते बघू. तुम्ही खटला बघायला बसला होतात. त्यात तुमचं काही चुकलं नाही, सिनेमाच तशी सुरुवात करतो. एका वयस्क लोकशाहिराला पकडतात, आरोप असा की त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगारानं गटारात उतरून जीव दिला. हे ऐकल्यावर कोणीही विचारणार, सुटणार की अडकणार? मग प्रत्येक दृश्याकडे आपण ‘यानं निकाल जवळ आला का’ एवढ्याच हिशोबानं बघतो. सरकारी वकीलबाई पाळणाघरातून मुलाला घेऊन घरी जातात, स्वयंपाकाला लागतात, आणि आपण मनात म्हणतो, बरं, आता पुन्हा कोर्टात चला. सिनेमाचा अर्धा ऐवज अशा दृश्यांत आहे आणि आपण तो वाट बघण्यात घालवला. कंटाळा त्यातून येतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, त्या आधीच कबूल केलेल्या बऱ्या. दिवसभर काम करून रात्री साडेदहाला लावलेला संथ सिनेमा कोणालाही झोपवेल, मलाही. मोबाइलवर बघितला असेल तर ‘कोर्ट’ तुम्ही खऱ्या अर्थानं बघितलेलाच नाही. का ते सांगतो. त्यातला कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी, लांब उभा असतो. क्लोज-अप म्हणजे दिग्दर्शकानं तुमची हनुवटी धरून ‘इकडे बघ’ सांगणं. लांबून घेतलेल्या दृश्यात तो तसं सांगत नाही. खोलीत दहा-पंधरा माणसं असतात आणि कोणाकडे बघायचं हे तुम्ही ठरवायचं असतं. मागच्या बाकावर पेंगणारा, कागद पुढे सरकवणारा शिपाई, आपली पाळी कधी येते म्हणून ताटकळलेला भलत्याच खटल्यातला पक्षकार, हे सगळे पाच इंची पडद्यावर मुंग्यांएवढे होतात. मग उरतो फक्त संवाद, आणि तोही कोर्टातला, म्हणजे अर्धा कलमांचा.

आता मूळ मुद्दा. माणसांवर चालणाऱ्या सिनेमात ‘पुढे काय होणार’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा लागतो. त्याऐवजी मी एकच प्रश्न धरून बसतो: हा माणूस आत्ता काय सांभाळतोय? पैसा, अब्रू, सवय, झोप, मुलाची शाळा, स्वतःबद्दलची एखादी समजूत, काहीही. प्रत्येक जण काहीतरी सांभाळत असतो आणि त्यासाठी बाकीचं सोडत असतो. ते काय आहे हे दिसायला लागलं की साधी भाजी चिरणंसुद्धा बघण्यासारखं होतं. शेजारी नवीन बिऱ्हाड आलं की आपण त्यांची गोष्ट कुठे विचारतो? दूध कोण आणतं, कोणाचा आवाज चढतो, पाहुणे गेल्यावर दार किती जोरात लागतं, यावरून महिन्याभरात घर ओळखीचं होतं. ही नजर तुमच्याकडे आहेच. सिनेमा लावला की आपण ती काढून ठेवतो, इतकंच.

आणि मराठी प्रेक्षकाला हे नवीनही नाही. प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ बघितलेल्या कोणालाही विचारा. विष्णुपंत पागनीसांच्या तुकोबांबरोबर लोक गौरीबाईंची जिजाई सांगतातच. चमत्कार तुकोबांच्या वाट्याला, पण घरात दाणा नाही याचा राग जिजाईच्या वाट्याला. देवळात जाऊन विठ्ठलालाच चप्पल दाखवणारी ही बाई भक्तीच्या कथेत अडथळा म्हणून आली असती तर केव्हाच विसरली गेली असती. ती पोरांची पोटं सांभाळत होती, म्हणून राहिली.

त्या नजरेनं ‘कोर्ट’कडे परत जाऊ. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील घ्या. कोर्टात ती १८७६ सालच्या नाट्यप्रयोग कायद्यातली कलमं सपाट आवाजात वाचत जाते, जणू किराणा सामानाची यादी. आपल्याला राग येतो. मग लोकलमध्ये ती शेजारच्या बाईशी साडीबद्दल, कुठलं तेल वापरायचं याबद्दल बोलते. घरी येऊन सगळ्यांना जेवायला वाढते. सुट्टीच्या दिवशी कुटुंबाबरोबर नाटकाला जाते, आणि नाटक असतं परप्रांतीयांना हाकलण्याचं. सभागृह खळखळून हसतं, तीही. यातल्या एकाही दृश्यानं खटला इंचभर हलत नाही. पण पुढच्या तारखेला ती उभी राहते तेव्हा आपल्याला माहीत असतं की हिला शाहिराचा द्वेष वगैरे काही नाही. तिला काम उरकून घरी जायचं आहे. एखाद्या माणसाची वर्षं वाया जाऊ शकतात ती इतक्या साध्या कारणानं. हे कोणी भाषणात सांगितलं असतं तर आपण मान डोलावून विसरलो असतो. इथे आपण तिच्या घरी जेवून आलोय.

बचावाच्या वकिलाचंही तसंच. तो मोठ्या दुकानातून वाईन आणि चीज घेतो, गाडीत जॅझ ऐकतो. माणूस चांगला, बाजू न्याय्य, पण त्याचं जग शाहिराच्या जगापासून किती मैलांवर आहे हे त्या खरेदीत दिसतं. त्यासाठी कोणीही त्याला टोमणा मारत नाही, आणि दिग्दर्शकही मारत नाही. मला हे फार आवडतं.

आता ती चापट. शेवटून दुसऱ्या दृश्यात कोर्टाला सुट्टी लागते, खोली रिकामी होते, एकेक दिवा मालवतो, पडदा काळा पडतो. इथे संपवला असता तर टाळ्या पडल्या असत्या, कारण शेवट ‘शेवटासारखा’ होता. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे तिथे थांबत नाहीत. काळ्या झग्याशिवायचे न्यायाधीश नातेवाइकांबरोबर सहलीला जातात. एकाच्या मुलाला बोलण्याची अडचण आहे, तर त्याला अंकशास्त्रानं नाव बदलून बघा, अंगठी घाला, असा सल्ला देतात. मग बाकावर डुलकी काढतात. पोरं येऊन ओरडतात, साहेब दचकून उठतात, हाताला लागलेल्या पोराला एक लगावतात आणि पुन्हा झोपतात.

याचा ‘अर्थ’ एका वाक्यात सांगा असं कोणी म्हटलं तर मी सांगणार नाही, पण कसं बघायचं ते सांगतो. याच माणसानं मधे एका बाईची सुनावणी ती बिनबाह्यांचा टॉप घालून आली म्हणून पुढे ढकललेली आहे. तेव्हा ते ‘नियम’ म्हणून झालं. बाकावर तेच त्यांच्या अंगातून आलं: झोपमोड झाली, जो सापडला त्याला शिक्षा, चौकशी नाही. निकाल दाखवायची गरजच काय उरली? निकाल ज्या हातातून येणार तो हात आपण बघितला. आणि तरी हा खलनायक नाही. नातेवाइकांत मिसळणारा, मदतीची इच्छा असलेला काका आहे. तुमच्याही ओळखीत असेल.

इथे माझं एक मत, बऱ्याच जणांना पटत नाही. ‘पात्र आपलंसं वाटलं पाहिजे’ ही अपेक्षा मला जास्तीची वाटते. आपलंसं वाटलं तर उत्तमच, पण त्या वकीलबाई मला आवडत नाहीत, मला त्या कळतात. कळणं पुरे. ‘मी त्याच्या जागी असतो तर’ असं विचारलं की आपण लगेच स्वतःबद्दल विचार करायला लागतो आणि समोरचा माणूस बाजूला पडतो. त्यापेक्षा ‘याला दुसरं काय करता आलं असतं, आणि त्यानं ते का नाही केलं’ हे विचारलं तर सिनेमा संपल्यावर घरात बोलायलाही काहीतरी राहतं.

माहितीपटांकडे येऊ. तिथे तुम्हाला कंटाळा येण्याचं कारण माझ्या अंदाजानं थोडं वेगळं आहे. आपण माहिती घ्यायला बसतो. विषय कळला, आकडे कळले, दहा मिनिटांत ‘समजलं’ असं वाटतं, आणि पुढचा तासभर तीच बाई तेच काम करताना दिसते.

माझ्या टेबलावर काय होतं ते सांगतो. एकदा एका लहान शहरातल्या व्हॉल्व्हमनवरचा माहितीपट माझ्याकडे होता, रोज पहाटे गल्लोगल्ली पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणारा माणूस. मुलाखतीत तो ठसक्यात म्हणतो, ‘लोक शिव्या देतात, मला काही वाटत नाही.’ फार छान वाक्य. पण दुसऱ्या दिवशीच्या चित्रणात तो जवळचा रस्ता सोडून लांबून वळसा घेतो, कारण त्या रस्त्यावर एक घर आहे जिथली म्हातारी रोज ओरडते. कॅमेरामननं ते सहज टिपलं होतं. मला त्या वाक्यापेक्षा तो वळसा हवा होता, आणि वळसा कळावा म्हणून ते वाक्यही हवं होतं. दोन्हीमध्ये मी बरंच अंतर ठेवलं. वाक्य सुरुवातीला, वळसा पाऊण तासानंतर. लगेच जोडलं असतं तर तो खोटारडा वाटला असता. अंतर ठेवल्यावर तो माणूस वाटला.

म्हणून प्रेक्षक म्हणून तुम्हीही हे करा: माणूस स्वतःबद्दल जे बोलतो ते लक्षात ठेवा, आणि नंतर त्याचे हातपाय काय करतात ते बघत रहा. आणखी एक जागा म्हणजे उत्तर संपल्यानंतरचे दोन-चार सेकंद. चांगला दिग्दर्शक उत्तर मिळाल्यावर लगेच पुढचा प्रश्न विचारत नाही. बोलणारा गप्प होतो, नजर खाली जाते, किंवा उगाच हसतो. आम्ही संकलक त्या सेकंदांसाठी भांडतो. टीव्हीवाले ते आधी कापतात.

‘हनीलँड’ (२०१९) मिळाला तर नक्की बघा. उत्तर मॅसिडोनियातल्या ओसाड गावात आजारी आईबरोबर राहणारी, रानमधमाश्या पाळणारी हातिजे मुरातोवा ही बाई. दिग्दर्शक तमारा कोतेव्स्का आणि ल्युबोमिर स्तेफानोव्ह यांनी तीन वर्षं चित्रण केलं. जवळपास ४०० तासांचं साहित्य जमलं आणि त्यातून दीड तासाचा माहितीपट निघाला. यावरून अंदाज करा की जे ठेवलंय ते किती विचारानं ठेवलं असेल. अर्धा मध माश्यांसाठी, अर्धा आपल्यासाठी हा तिचा नियम सगळ्यांना आठवतो. मला आठवते ती राजधानीच्या बाजारात मध विकून झाल्यावर केसांसाठी कलप घेणारी हातिजे. गावात बघायला कोणी नाही, तरी तिला रंग हवाय, आणि तोही तिच्या पसंतीचा. मधाच्या विषयाशी याचा काडीचा संबंध नाही, पण हे काढलं असतं तर उरली असती ‘निसर्गाशी एकरूप झालेली आदिम स्त्री’, म्हणजे भित्तिपत्रक.

त्यातच शेजारी येऊन राहणारा हुसेन आहे. सगळा मध काढून विकतो आणि त्याचे परिणाम हातिजेला भोगावे लागतात. खलनायक करायला आयता माणूस. पण सिनेमा त्याच्या घरातली सात पोरं दाखवतो, ‘आणखी मध दे’ म्हणून मागे लागलेला व्यापारी दाखवतो, आणि त्याचाच एक मुलगा हातिजेकडून शिकताना दाखवतो. पुन्हा तोच प्रश्न: हा काय सांभाळतोय? सात तोंडं.

माहितीपटात मात्र एक प्रश्न जास्तीचा विचारावा लागतो, आणि तो विचारला की कंटाळा बराच पळतो. हा कॅमेरा इथे कसा आला, आणि या माणसानं तो का येऊ दिला? खरं आणि मांडलेलं यांची सरमिसळ पहिल्यापासूनची आहे. रॉबर्ट फ्लॅहर्टींच्या १९२२ सालच्या ‘नानुक ऑफ द नॉर्थ’ या इनुइट माणसांवरच्या माहितीपटातल्या नायकाचं खरं नाव नानुक नव्हतं, अल्लाकारियल्लाक होतं. आत उजेड हवा म्हणून इग्लूची एक बाजू उघडी ठेवून बांधली होती, आणि बंदुका वापरणाऱ्या माणसांना जुन्या भाल्यानं शिकार करायला लावलं होतं. तरीही त्या माणसाच्या चेहऱ्यावरची मिस्कील छटा कोणी लिहून दिलेली नव्हती. दोन्ही एकदम लक्षात ठेवता येतं.

जवळचं उदाहरण हवं असेल तर ‘रायटिंग विथ फायर’. बुंदेलखंडातल्या ‘खबर लहरिया’ या वृत्तसंस्थेच्या महिला पत्रकारांवरचा हा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला, आणि २०२२मध्ये सोहळ्याच्या तोंडावर खुद्द ‘खबर लहरिया’नं निवेदन काढून सांगितलं की यात आमच्या कामाचा एकच भाग ठळक झालाय, आमचं पूर्ण चित्र हे नव्हे. चित्रकर्त्यांची बाजू अशी की आम्हाला जे दिसलं ते आम्ही मांडलं. मला सिनेमा आवडतो, आणि आक्षेपही रास्त वाटतो. संकलनाच्या टेबलावर जो भाग वगळला जातो तोही कोणाच्या तरी आयुष्यातला असतो.

एक छोटी खूण सांगून ठेवतो, आमच्या धंद्यातली. मुलाखत चालू असताना दृश्य अचानक बोलणाऱ्याच्या हातांवर, खिडकीवर, भिंतीवरच्या फोटोवर गेलं की समजा, बऱ्याचदा तिथे वाक्य कापून जोडलेलं आहे. त्यात दरवेळी लबाडी असते असं नाही, माणसं अडखळतात, लांबण लावतात. पण एखाद्या वजनदार विधानाच्या ऐन मधे असं झालं तर कान टवकारावे. तसंच रडण्याखाली संगीत. माणूस रडतोय आणि तंतुवाद्यं वर चढतायत, तर दिग्दर्शकाचा त्या माणसावर भरवसा नाही एवढं नक्की.

आता ‘उगाच भारी’ची गोष्ट. संथपणा हा गुण नाही. महोत्सवांत फिरणारे कितीतरी सिनेमे रिकामे असतात आणि लांबलचक दृश्यांनी ते झाकतात. फरक ओळखायला माझी साधी कसोटी आहे. एखादं लांब दृश्य संपल्यावर स्वतःला विचारा, या माणसाबद्दल मला आधी माहीत नव्हतं असं काही कळलं का? ‘कोर्ट’मधल्या स्वयंपाकघरानंतर उत्तर ‘हो’ येतं. एखादा नायक सात मिनिटं समुद्राकडे बघत बसला आणि उत्तर ‘नाही’ आलं, पुढेही दोन-तीनदा ‘नाही’च आलं, तर खुशाल बंद करा. पुरस्कार मिळालेला असला तरी.

म्हणजे तुमच्यापुरतं थोडक्यात: निकालाची वाट बघू नका, एक माणूस निवडा, तो काय सांभाळतोय ते शोधा, त्याचं बोलणं आणि वागणं ताडून बघा. माहितीपट असेल तर कॅमेऱ्याबद्दलही विचारा. निवडलेला माणूस मुख्य पात्रच असला पाहिजे असं नाही. मी तर दुसऱ्यांदा बघताना मुद्दाम दुय्यम पात्र धरतो.

काय बघावं हेही विचारलंय. ‘कोर्ट’ दोन-चार महिन्यांनी पुन्हा लावा, सुट्टीच्या दुपारी, मोठ्या पडद्यावर, सबटायटल चालू ठेवून, कारण त्यात मराठी, हिंदी, इंग्रजी, गुजराती अशी सगळी सरमिसळ आहे. त्यानंतर आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) बघा. तीन तासांहून मोठा आहे, दोन दिवसांत विभागून बघितला तरी चालेल. १९९७ साली घाटकोपरच्या रमाबाई नगरात झालेल्या गोळीबारात दहा माणसं गेली आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरेंनी आत्महत्या केली, तिथून तो सुरू होतो. चित्रण चौदा वर्षं चाललं होतं. ‘कोर्ट’मधला शाहीर साकारणारे वीरा साथीदार हेही मूळचे नट नव्हते, नागपूरचे कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक. हे दोन्ही लागोपाठ बघितले की कथेतल्या शाहिराच्या आवाजाला खरं वजन कुठून आलं ते कळतं.

आणि पुण्याला जाऊन रसास्वादाचा अभ्यासक्रम करावा का, तर वेळ आणि हौस असेल तर करा. फिल्म इन्स्टिट्यूट आणि चित्रपट संग्रहालयाच्या त्या परंपरेनं अनेकांना बघायला शिकवलंय. पण तुमच्यासाठी त्याआधीची सोपी गोष्ट जवळ आहे. कोल्हापुरात कलामहर्षी बाबुराव पेंटर फिल्म सोसायटी आहे, तिथल्या खेळांना जा. अंधारात फोन खिशात राहतो, आणि बाहेर चहा पिताना लोक जे वाद घालतात ते कुठल्याही वर्गापेक्षा कमी नसतात. बायकोलाही न्या, पण ‘कोर्ट’पासून पुन्हा सुरुवात करायला लावू नका. त्यांना ‘हनीलँड’ दाखवा आणि हुसेनबद्दल त्यांचं काय मत होतं ते विचारा. तुमच्यापेक्षा वेगळं निघण्याची शक्यता बरीच आहे.